हक्क सोडल्याची खूण

भदौरिया सर म्हणाले, तुम ही लिख लाओ,
मैं साइन कर दूँगा.
ओपीडीत तोवर एकशे चाळीस चिठ्ठ्या झाल्या होत्या,
पेनातली शाई फिकटत चाललेली.
मी हो म्हटलं. इथे सगळे असंच करतात.

रात्री कंपूतल्या ड्यूटी रूममध्ये
स्वतःला 'ती' म्हणायला बसले.
ती मेहनती आहे. ती वेळेवर येते.
ती दडपणाखाली शांत राहते,
हे टाइप करताना टेबलाखाली माझा पाय हलत होता.
आईने तोंडावर कौतुक केलं ते फार तर
'बरं जमलंय' इतकंच, पोह्यांना म्हणावं तसं.
इंग्रजीत मात्र विशेषणं मुबलक,
गजकच्या दुकानात चाखायला तुकडे ठेवतात तशी.
एक उचललं, आणखी एक उचललं.
चौथ्या ओळीनंतर ती मला ओळखू येईना.

फॉर्मवर एक चौकोन होता:
हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडते आहे.
मी खूण केली.
मग हसू आलं,
मग नाही आलं.

सकाळी गेले. म्हटलं, सर, तुम्हीच लिहा.
दोन ओळी चालतील. वाईट असल्या तरी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
क्या याद है मुझे तुम्हारा?
हे मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.
बाहेर स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत गेलं.
मग म्हणाले, वो मुरैना वाला लड़का.

मण्यार चावलेला. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता,
रात्री अकरापासून मी अँबूचा फुगा दाबत बसले होते.
पावणेचारला डोळा लागला.
किती? दहा सेकंद. वीस.
जाग आली तेव्हा फुगा त्याच्या मामाच्या हातात होता,
माझाच ठेका धरून तो दाबत होता,
माझ्याकडे न बघता.
सर दारात उभे होते.
कधीपासून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मुलगा नवव्या दिवशी चालत घरी गेला.

पत्र पोचल्याची नोंद आठवड्याने दिसली,
पहाटे सव्वादोनची.
पासवर्ड मी त्यांना तीनदा सांगितला होता फोनवर,
'बडा बी, बनारसवाला बी' असं ओरडत.
आत काय आहे, ते ओहायोतल्या अनोळखी माणसांना माहीत.

त्यांना मी दर महिन्याला लिहिते:
मला आपल्या कार्यक्रमात अजूनही रस आहे.
मराठीत असं कुणी कुणाला म्हणत नाही.
स्थळाकडून निरोप लांबला तरी नाही.
काल एकीकडून उत्तर आलं:
डिअर डॉक्टर मुकुंद.
मधलं नाव. बाबांचं.
बाबांना दाखवलं. वीज मंडळातून निवृत्त माणूस,
दोनदा वाचलं, गळ्याचं बटण लावलं
आणि म्हणाले, लगेच कळव त्यांना,
वाट बघत असतील.

आज राउंडला सर समोरून आले.
मी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असणार.
क्या हुआ, ते म्हणाले,
बारा नंबर का क्रिएटिनिन कहाँ है?