साठ लिटर

साठ लिटर. घागरींत मोजलं तर चार, फार तर पाच.
एवढ्यात समुद्र बसवायचा,
आणि समुद्र मागच्या दारी, दोनशे पावलांवर.
तरी मी गाळलेलं पाणी घेते
आणि पाकिटातलं मीठ त्यात विरघळवते.
जेटीच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो.
आई म्हणते, "दांडेर ऱ्हवान मीठ इकत घेतंस?
शेजारणीक सांगा नको हां."

बर्फाच्या फॅक्टरीत मी हिशेब लिहिते.
किती लाद्या, कुठल्या ट्रॉलरला, किती उधार.
रात्री तीच वही उलटी धरून मागून लिहिते:
पाण्याची घनता एक पूर्णांक शून्य दोन पाच.
उष्णता सव्वीस. मे महिन्यात एकोणतीस.
लाईट गेली, साडेतीन तास.
पंप थांबला.
या घरात कोण नांदेल
ते या शेवटच्या दोन ओळींवरून ठरतं.

म्हणून फांद्यांचं प्रवाळ नको.
फोटोत जांभळं, टोकांना निळं, मान्य,
पण त्याला रोज तीच लाट लागते, तेच ऊन, तेच पाणी,
आणि आमच्याकडे रोज तेच फक्त उधारीचं पान.
ते दुसरं, मशालीसारखं, तेही नको.
दिवसा देखणं. रात्री सोंडा लांबवून
शेजाऱ्याला चटके देतं वीतभर अंतरावरून.
वीतभर म्हणजे इथे अर्धं गाव.

हो म्हटलं ते अळंबीला.
बटणाएवढी, खालच्या दगडाच्या सावलीत,
उजेड कमी पडला तरी कुरकुर नाही.
मग हिरव्या डोळ्यांचा एक पुंजका,
त्याला हात लावायचा तो हातमोजे घालूनच,
एवढ्याशा अंगात विष आहे त्याच्या.
आणि झेनिया. मूठ उघडते, मिटते, उघडते.
आवरली नाही तर घरभर होईल,
म्हणून तिचा दगड निराळा, वाळूत, चहूबाजूंनी पाणी,
आमच्या किल्ल्यासारखा.

सगळी पुण्याहून कुरिअरने आली,
कुणाच्या तरी टाकीत वाढलेली,
कापून चकत्यांवर चिकटवलेली कलमं.
हापूसला चालतं, यांना का नाही?

डिसेंबरात एका सकाळी इनास आला, हातात बादली.
"नांगराक अडकान इलां. घे. फुकट."
हातभर फांदी, जिवंत, बुळबुळीत,
तपकिरी, फोटोतल्या जांभळ्याच्या वाऱ्यालाही न उभी राहणारी.
तरी माझा हात पुढे गेला.
बोटात आत्यानं घातलेली पोवळ्याची अंगठी,
लग्न जमावं म्हणून.
लग्न राहिलं, अंगठी निघत नाही.

"हे घरात ठेवणं गुन्हा आहे, इनास."
"कोण बघूक येता?"
मी टाकीकडे पाहिलं. अळंबी, पुंजका, मूठ.
"परत ने," म्हटलं. "आणि मलाही."

त्रेचाळीस वर्षांची मी, गाबिताची मुलगी, पोहता येत नाही.
आमच्या बायका मासळी मोजतात, ती काठावर.
लाईफ जॅकेट घालून, होडीची कड घट्ट धरून
तोंडावर काच चढवली आणि मान पाण्यात घातली.
इनास खाली गेला, कपारीत फांदी खोचली,
दोनदा हलवून पाहिली,
जसं आपण खुंटी ठोकल्यावर पाहतो.

खाली तपकिरी, पिवळट, मधेच मेलेलं पांढरं.
कुणीच कुणापासून वीतभर सोडून बसलं नव्हतं.
एकमेकांच्या मानेवर, कुशीत, काही तर तोंडावरच.
मी सहा महिने पट्टीने अंतर मोजत होते.

ती फांदी जगली का, माहीत नाही.
इनासला विचारलं तर म्हणतो, बघतंय, बघतंय.

संध्याकाळी केस मिठाने ताठ झालेले.
आई टाकीपाशी येऊन बसली, चष्मा पदराने पुसत.
पन्नास वर्षं मासे विकले तिने,
पाण्याखाली कधी पाहिलं नाही.
"खाली काय दिसलां?"
"गर्दी," मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. झेनियाकडे बघत राहिली बराच वेळ.
मूठ उघडली. मिटली. उघडली.
"आणि ह्यां कित्याक," तिने विचारलं,
"सारखो हात पसरता?"