हवापालट

सकाळी सहा दहाला मी हॉर्न वाजवत नाही.
ॲव्हरिल आधीच पायरीवर बसलेली असते,
मांडीवर पिशवी, पिशवीत उशी, चार बिस्किटं,
डाव्या हातावर लोकरी बाही ओढलेली.
त्या हातात शीर फुगवून ठेवलीय,
बोट टेकवलं तर मांजरासारखी गुरगुरते.
मंगळ, गुरू, शनी.
अडतीस मैल जायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं,
अडतीस मैल यायचं.
बस होती. आता नुसता थांबा आहे,
त्यात बसून पोरं सिगारेटी ओढतात.

याच रस्त्यानं मी उलटा यायचो, एकोणतीस वर्षं,
कोच भरून.
बार्न्सलीचे खाणकामगार, लीड्सच्या गिरण्यांतल्या बाया,
कुणाच्या छातीत कोळसा, कुणाच्या लोकर.
त्यांचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे :
समुद्र. दोन आठवडे. हवापालट.
हॉर्नथॉर्प दिसायच्या आधी वास यायचा,
कुणीतरी ओरडायचं, खिडक्या खाली करा!
आणि छपन्न माणसं एकदम श्वास घ्यायची,
जसे काही त्याचे पैसे पगारातून कापून घेतलेत.

काही परत गेलेच नाहीत. ॲव्हरिल त्यांतली.
सेड्रिकला धक्क्यावरच्या थिएटरात दिवे लावायची नोकरी,
तिला ‘सी व्ह्यू’मध्ये चादरी.
थिएटर जळालं. सेड्रिक गेला.
‘सी व्ह्यू’च्या अकरा खोल्या झाल्या, अकरा मीटर,
अकरा घंट्या, त्यांतल्या सात वाजत नाहीत.
तिची खोली मागची. खिडकीतून कचऱ्याचे डबे.
बुरशी ती ब्लीचनं पुसते,
बुरशी परत येते, माहेरी आल्यासारखी.
वरच्या केल्विननं आपला दात आपणच पकडीनं उपटला,
दारू आधी, दारू नंतर.
दातांच्या डॉक्टरची यादी बंद आहे.
यादीत येण्यासाठीची यादी, तीही बंद.
आणि दवाखान्याच्या दारावर चार वर्षं तीच पाटी :
डॉक्टर पाहिजेत. समुद्रकिनारी राहण्याची संधी.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या ऑफिसातून एक पोरगा आला.
चर्चच्या हॉलमध्ये पडदा, पडद्यावर नकाशा,
आमच्यावर टाचणी, टाचणीभोवती वर्तुळ.
म्हणाला, या वर्तुळात माणसं कमी भरतात,
मशीन इथं परवडत नाही.
बरा पोरगा होता. कान लाल झालेले.
ॲव्हरिल उठली.
उठायला तिला वेळ लागतो, सगळे थांबले.
‘बाळा, त्या निळ्या अर्ध्यात कोण राहतं?’
‘कुणी नाही. तो समुद्र आहे.’
‘म्हणजे आम्हाला अर्धं बुडवूनच
मोजायला घेतलंस की.’
केल्विन हसला, तोंडावर हात धरून.
पोरानं वहीत काहीतरी लिहिलं.
ते पुढं कुठं गेलं, मला ठाऊक नाही.

काल परतताना धुकं.
बीट लादलेल्या ट्रॅक्टरमागं तासभर रखडलो.
ती राखेच्या रंगाची, डोळे मिटलेली.
झोपली म्हणून रेडिओ बंद केला, तर म्हणाली,
घरी नको. धक्क्याकडे घे.
‘सी व्ह्यू’पासून दोनशे पावलं समुद्र,
पण तिच्या दोनशे पावलांत आता
बसायला चार बाकं लागतात, आणि आहे एक.

गाडी बंधाऱ्याकडे तोंड करून लावली.
भरती होती. दिसत काहीच नव्हतं,
पलीकडे नुसता आवाज, कुणी फर्निचर हलवतंय असा.
खिडकी खाली कर.
गार आहे, ॲव्हरिल.
छपन्न जणांची करायचास.

केली. ती खोकली. बराच वेळ खोकली,
पाठीवर हात ठेवावा की नाही, मला कळेना.
पंप दोनदा ओढला, थांबली,
मग लोकरी बाही वर सारून हात बाहेर काढला,
ती गुरगुरणारी शीर, धुक्यात.
राहू दे, म्हणाली, तिला जरा हवापालट.

पेट्रोलचा काटा लालवर टेकला होता.
मी इंजिन बंद केलं.