उणे तीन प्रवासी

चिलोएच्या बेटांवर ऑगस्टात संध्याकाळ लवकर विझते.
ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत लाकडाची शेगडी,
सहा संगणक, त्यातले चार चालू,
आणि ओफेलिया ञान्को, वय एकोणपन्नास,
सकाळी फेरीबोटीवर तिकिटं फाडणारी,
आत्ता एका कंसाच्या शोधात.

कंस उघडला होता, मिटला नव्हता.
तेवढ्यावरून सगळं पान पांढरं पडलं.
एक दोर सुटला की बोट धक्क्यापासून
आवाज न करता लांब जाते, तसं.

शिकवणारा बाउतिस्ता तिच्या धाकट्याच्या वयाचा.
फळ्यावर खडूने दोन रेघा ओढतो:
हा अलीकडचा किनारा. इथे माणूस उभा,
बटणं, रंग, बोट लावलं की हलणारं सगळं.
हा पलीकडचा. इथे सर्व्हर, इथे वही,
खरी वही, जी कुणाला दिसत नाही.
मध्ये पाणी.
"विनंती जाते, उत्तर येतं," तो म्हणतो.
"आणि तोवर?"
"तोवर पान थिजून राहता कामा नये."
ओफेलिया हसते. वीस वर्षं ती तेच करत आलीय.
बोट पलीकडे असते तेव्हा
धक्क्यावर तिच्या सुया चालू असतात,
अर्धा मोजा, कधी टाच,
भोंगा ऐकू आला की लोकर खिशात.
पोरगा म्हणतो, याला आमच्यात फार मोठं नाव आहे.
ती म्हणते, असू दे.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फॉर्म उभा राहिला.
नाव. तारीख. किती माणसं.
शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा एरिबेर्तो,
उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेला,
कुठे गळतंय हे आधी बघणारा,
त्याने चौकटीत टाकलं: उणे तीन.
फॉर्म म्हणाला, धन्यवाद, प्रवास सुखाचा होवो.
बोटीत तीन जागा वाढल्या.
सगळी खोली हसली.

ओफेलियाला उणे तीन माहीत होते.
ती शाळेत होती त्या साली
वहीत अकरा लिहिलेले होते
आणि पलीकडे आठ उतरले.

तिने राखण बसवली. शून्याखाली लाल अक्षरं.
बाउतिस्ताने ती दोन टिचक्यांत उठवून दाखवली:
"अलीकडे कुणीही काहीही बदलू शकतं, बाई.
पुन्हा पलीकडे तपासायचं."
"म्हणजे चढताना मोजायचं आणि उतरताना मोजायचं."
तो थांबला. त्याच्या पुस्तकात
इतकं सोपं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग तिने स्वतःचं तिकीट काढलं
आणि यादीत आलं: ?ान्को.
"आजोबांचंही असंच केलं होतं," ती म्हणाली,
"पॅरिशच्या कारकुनाने. त्याच्या टाकातून
हे अक्षर उतरेना. मेले तेव्हा नान्को होते."

माझ्या भाषेत या अक्षराला घर आहे.
पण मुळाक्षरांच्या तक्त्यावर त्याच्या चौकटीत
चित्र नसायचं. ज झबल्याचा झाला की
बाई छडी उचलून सरळ ट ला टेकवायच्या,
आणि आम्ही पस्तीस जण
त्या कोऱ्या चौकटीवरून उडी मारायचो.

एक ओळ होती दुरुस्तीची.
अलीकडे एकदा, पलीकडे एकदा,
आणि मधल्या पाण्यालाही सांगायचं
की आपण कुठल्या लिपीत बोलतोय.
रात्री साडेनऊला यादी उमटली.
ओफेलिया ञान्को. माणसं: एक.
एरिबेर्तोने शेगडीत शेवटचं लाकूड सारलं
आणि वाचून दाखवलं, मोठ्याने,
जणू धक्क्यावर कुणी हाक मारतंय.

सकाळी वाऱ्याने टॉवर गेला.
फोनवर चाक फिरत राहिलं.
तिने पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला,
चढताना मोजले.
सतरा, आणि एक मेंढी.
उतरताना मोजले.