योग्य कारण

नुओरोच्या इस्पितळात मी दारावर बसते.
काम एवढंच, ट्रे पुढे सरकवायचा :
किल्ल्या, नाणी, मोबाइल, कमरेचा पट्टा.
दर गुरुवारी डायलिसिसला येतो गोनारिओ, ओरुने गावचा,
आणि ट्रेमध्ये ठेवतो
एडक्याच्या शिंगाची मूठ, आत मिटलेलं पातं.
टक्क.
रांग जराशी मागे सरते.

कायदा म्हणतो, बाळगायला योग्य कारण हवं.
माझ्या वहीत तसा रकाना आहे, दोन बोटं रुंद.
पहिल्या गुरुवारी तो म्हणाला, पाव.
मी लिहिलं, पाव.
मग चीज. मग सुतळी.
मग एकदा, नातवाच्या तळव्यात रुतलेला काटा.
चाकू त्याचा, पण धारेवर मीच धरायची त्याला.
शेवटी वैतागला : बाई,
चष्म्याला विचारता का तुम्ही कारण?

मला हसू आलं नाही.
माझा भाऊ तेवीस वर्षांचा होता,
जानेवारीत, संत अँतोनियोच्या शेकोटीपाशी.
ज्यानं भोसकलं त्याचाही चाकू
सकाळपर्यंत पावाचाच होता.
मुठीच्या खाचेत पावाचे कण सापडले
असं पंचनाम्यात आहे. मी वाचलाय तो.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
पण आमची गावं लहान, कुणीतरी बोललं असणार.
पुढच्या गुरुवारी ट्रेमध्ये
नुसती किल्ली आणि घडी घातलेला रुमाल.
विजारीच्या उजव्या खिशावर मात्र
कापड झिजून उमटलेली लांबट खूण,
आत काही नसतानाही तिथेच.

त्या दिवशी घरून सफरचंद आणलं होतं त्यानं.
बाकावर बसून हातात फिरवत राहिला.
पुढचे दात नाहीत. सुईच्या हाताला जोर नाही.
शेजारच्या बाईनं विचारलं, खात का नाही?
तो म्हणाला, भूक नाही.
आणि ते आख्खं सफरचंद
त्याच खिशात कोंबलं, शिवण तटतटेपर्यंत.
मी सगळं पाहत होते.
दार सोडून उठायचं नाही असा नियम आहे,
त्या दिवशी तो मला बरा वाटला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच विचारलं, कुठाय?
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी, म्हणाला.
आणा, म्हटलं.

आता रकान्यात लिहिते, सफरचंद.
दर आठवड्याला तेच. वरचे साहेब काही बोलत नाहीत.
चाकू चार तास माझ्या खणात असतो.
खणाला कुलूप आहे,
तरी मी गुडघा लावून बसते
तो दंडावर कापूस दाबत जिन्यावरून उतरेपर्यंत.