उरलेली काजळी

उलानबातरच्या टेकडीवर, उणे तिसात,
चुलीत कोळसा सारता सारता
ओयुनचिमेग रडणं ओळखते बाळाचं:
हे भुकेचं, हे पोटातल्या वाऱ्याचं,
हे नुसतंच, संध्याकाळचं.

नर्स विचारते, "आणि तुमचं?"

ती चहात मीठ ढवळत राहते.
मग सांगते, परवा दार लोटून
बाहेर जाऊन उभी राहिले.
तो आत रडत होता. शंभर मोजले.
शंभरानंतर पुन्हा एकपासून.

नर्स कागदावर काहीच लिहीत नाही.
बाळ मांडीवर घेते.
"चहा प्या. गरम आहे तोवर."

रात्री बहिणीकडे निघताना
ती काजळी घेते बोटावर,
बाळाच्या कपाळावर तीट लावते.
बोट पुसायला फडकं शोधते,
आणि सापडल्यावरही
स्वतःच्या कपाळाला लावते.