हे उपकरण व्यवस्थित चालू आहे

मंगळवारी रात्री संगणकानं आपल्या मनानं
काहीतरी नवीन अंगावर चढवून घेतलं
आणि बुधवारी सकाळी त्याची वाचा बसली.
पुंता आरेनासमध्ये वाऱ्याला कुणी गप्प करू शकत नाही,
छपराचा पत्रा रात्रभर बडबडतो.
घरात गप्प एवढा हाच.

मी आधी वायर काढून पुन्हा घातली.
माणूस आधी वायरच काढून घालतो.
मग बंद करून चालू केला. मग परत.
मग ड्रायव्हर मुळासकट उपटला,
नवा आणला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला,
कारण यंत्राच्या पोटाखालचं लेबल
आधीच्या मालकानं हाताळून हाताळून पुसलेलं,
आणि तो आकडा आठ की तीन
हे शिलाईच्या चष्म्यातूनही ठरेना.
आठचा घातला. शांतता.
तीनचा घातला. तीच शांतता, फक्त ताजी.
पिवळा त्रिकोण शोधत सगळी यादी उलगडली,
तर स्पीकरच्या नावाखाली लिहिलेलं:
हे उपकरण व्यवस्थित चालू आहे.
इतकं थंडपणे खोटं बोलताना मी फक्त
आमच्या घरची माणसं पाहिली आहेत.

रविवारी चार वाजता एवारिस्तो दिसणार होता,
धाकटा भाऊ, पुएर्तो विल्यम्सला खेकड्यांच्या बोटीवर असतो.
बोट अर्धी त्याची, अर्धी माझी,
अकरा वर्षं शिवलेल्या रबरी कोटांची.

तीनला मी बेलिसारिओला बोलावलं.
समोरच्या गल्लीतला. शेगड्या, धुलाईयंत्रं, संगणक,
काहीही दुरुस्त करतो,
आणि नऊ वर्षांचा असल्यापासून
त्याला काहीच ऐकू येत नाही.
शेजारची ग्लादिस हसली, आवाजासाठी बहिरा?
म्हटलं, आपण ऐकणाऱ्यांनी चार दिवस काय दिवे लावले?

तो आला. टोपी काढली नाही.
खुणेनं एखादं गाणं लावायला सांगितलं,
स्पीकरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
एक खिडकी उघडली, जिच्यात
प्रत्येक उपकरणापुढे एक बारीक हिरवी पट्टी असते,
आवाजाचा पारा.
स्पीकरची पट्टी निपचित.
आणि पडद्याची,
त्या चपट्या, तोंडच नसलेल्या पडद्याची,
उड्या मारत होती.

म्हणजे आवाज होताच.
बुधवारपासून होता,
जिथे बाहेर पडायला भोक नाही
तिथे इमानेइतबारे जात होता.

बेलिसारिओ बाण स्पीकरवर नेतोय, टिचकी मारणार,
एवढ्यात पडद्यावर एवारिस्तो उगवला. दहा मिनिटं लवकर.
मागे खानावळीची निळी भिंत, दाढी वाढलेली.
ओठ हलले. ऐकू येतंय का? हे मलाही वाचता आलं.
मी हात हलवले. नाही, थांब.
मग त्यानं मान वळवली,
चौकटीबाहेर कुणीतरी होतं,
आणि त्याच्याशी तो बराच वेळ बोलला,
निवांत, बहिऱ्या माणसासमोर बोलावं तसा.

माऊसवरचा बेलिसारिओचा हात थांबला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.
खिशातून पेन्सिल काढली
आणि माझ्या वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं:
बोट विकली. तिला इतक्यात कळायला नको, म्हणतोय.

मी दोनदा वाचलं.
अक्षर सुरेख आहे त्याचं, शाळेतल्यासारखं.

मग त्यानं टिचकी मारली.
गाणं आणि भाऊ एकदम आले, इतके मोठ्यानं
की ग्लादिसचा चहा बशीत सांडला.
बेलिसारिओनं तळहात स्पीकरवर टेकवला,
गाभण गायीच्या पोटावर टेकवतात तसा,
आणि मान डोलावली.

"आता येतंय का?" एवारिस्तो ओरडत होता.
"येतंय," मी म्हटलं. "बोट कशी आहे?"
"बोट? मस्त. सगळं व्यवस्थित चालू आहे."

बेलिसारिओनं पैसे घेतले नाहीत.
कोटाचा उसवलेला खिसा दाखवला, तो मी तिथल्या तिथे शिवून दिला,
दुहेरी दोऱ्यानं.

बिलाची शेवटची तारीख बारा होती.
आज एकोणीस.
भरायला गेले तर खिडकीतली मुलगी
शिक्का मारायला ते उलटं करेल.