सहाव्या लेनचं घड्याळ

पहाटे चार चाळीसला
हीटरची वायर उपसून मी गाडी बाहेर काढतो.
थंडर बेमध्ये आज उणे एकतीस.
मागच्या सीटवर आयला,
पोहण्याच्या पोशाखावर दोन स्वेटर,
निम्मी झोपेत, निम्मी आधीच पाण्यात.
आम्ही बोलत नाही.
तसं कधी ठरलं नव्हतं. पण आहे.

मी कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन,
किर्स्ती वृद्धाश्रमात रात्रपाळीला.
आमची गाठ पडते ती पूलच्या पार्किंगमध्ये,
तिची गाडी येते, माझी निघते.
काच खाली करून ती डबा देते,
मी एरोचे कोरडे मोजे देतो.
सतरा वर्षांचा संसार,
या खिडकीतून त्या खिडकीत.

एरो सात वर्षांचा. त्याला कुणी विचारलं नाही.
तो बाकावर गणितं सोडवतो,
क्लोरीनच्या वाफेत वहीची पानं फुगतात.
शाळेत सांगितलं, आपल्या घराचं चित्र काढा.
त्यानं चिप्सचं मशीन काढलं, आतल्या दिव्यासकट.
बाईंनी बोलावून दाखवलं. आम्ही हसलो.
त्या रात्री भांडी घासून झाल्यावरही
किर्स्तीनं नळ बराच वेळ बंद केला नाही.

पालकांनी आळीपाळीनं घड्याळ धरायचं, हा क्लबचा नियम.
दुसरा नियम: आपल्या पोराच्या लेनवर नाही.
म्हणून चार वर्षं मी
लोकांची मुलं मोजतोय.
भोंगा होतो, अंगठा दाबतो,
आणि सहाव्या लेनमधल्या कुणाच्या तरी लेकीचा हात
भिंतीला लागेपर्यंत पापणी हलवत नाही.
चौथ्या लेनमध्ये आयला असते.
डोळ्याच्या कोपऱ्यात थोडं पांढरं पाणी,
एवढीच मला ती दिसते.

विनिपेगला आठ तास गाडी हाकली.
रस्त्यात मूस आडवा उभा राहिला,
आमच्याकडे बघत, त्याला कुठेच पोचायचं नव्हतं.
ती दोनशे मीटर बटरफ्लाय पोहली.
मी पाहिलं नाही.
अकरा शतांशांनी हुकली.

अकरा शतांश म्हणजे किती,
परतताना एरोनं विचारलं.
मला हातानं दाखवता येईना.
माझ्या अंगठ्याला मात्र माहीत आहे:
दाबायचं ठरवणं आणि दाबणं,
यांच्यामध्ये जेवढं सांडतं, तेवढं.

तळ्याकाठी आमचं एक लाकडी खोपटं होतं.
आजोबांनी बांधलेलं, शेजारी सौना.
तिथल्याच धक्क्यावरून चार वर्षांची आयला
पाण्यात पडली, आणि वर आली ती हसत.
किर्स्तीला पोहता येत नाही.
ती कपड्यांनिशी छातीभर पाण्यात शिरली होती,
हात पसरून, नुसतीच.
ते खोपटं गेल्या वर्षी विकलं.
कोचची फी, हॉटेलं,
आणि ते कातडीसारखे घट्ट पोशाख
जे सात-आठ शर्यतींत सैल पडतात.
मुलांना सांगितलं, छप्पर गळायला लागलं होतं.

जूनमध्ये डुलुथहून येताना ती म्हणाली,
बाबा, इथे वळव.
नव्या मालकाला तिनेच जाऊन विचारलं.
मग पाण्यात उतरली,
आणि पोहली नाही.
उताणी पडून राहिली, कान पाण्याखाली,
केस शेवाळासारखे सुटे.
एरो धक्क्यावर पाय हलवत बसला.
किर्स्ती गाडीत, दार उघडं टाकून, झोपली होती.

"छप्पर तर धड आहे,"
आयला आभाळाकडे बघत म्हणाली.
मी काही बोललो नाही.
समोर उभा राहून, दोन्ही डोळ्यांनी,
तिला पाण्यात बघत होतो.
हातात घड्याळ नव्हतं.
अंगठा तेवढा खिशातल्या खिशात एकदा दाबला गेला
आणि मग काठावर तसाच ताटकळला,
थांबवायचं काय, ते न कळून.